आधी पाणी, मग मासे : आपल्या मागच्या हौदाची गोष्ट

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असं सांगण्यात आलं, तेव्हा मनात आलं की नोंदणी, कन्व्हेयन्स, लिफ्ट, गच्चीची गळती हा सगळा इतिहास बाकीची मंडळी लिहिणारच आहेत. मी आपला मागच्या अंगणातल्या हौदाचा इतिहास लिहितो. नवीन राहायला आलेल्या कुटुंबांना तिथे पूर्वी एक हौद होता हेच ठाऊक नाही. जुन्यांना ठाऊक आहे, पण त्याविषयी कुणी फारसं बोलत नाही. न बोलण्याला कारण आहे, आणि त्या कारणात माझाही वाटा आहे.

सोसायटीच्या तिसऱ्या वर्षी, मे महिन्याच्या सुट्टीत, मुलांच्या हट्टापायी आपण मागे सिमेंटचा हौद बांधला. सहा फूट लांब, चार फूट रुंद, दोन फूट खोल. गवंड्याने आतून गुळगुळीत घोटाई केली, चार दिवस पाणी मारलं, आणि रविवारी सकाळी नळाला पाइप लावून हौद भरला. त्याच संध्याकाळी मत्स्यालयाच्या दुकानातून बारा कोई मासे आणले. बोटाएवढे, लाल-पांढरे. मुलांनी प्रत्येकाचं बारसंसुद्धा केलं. पेढे वाटले. नऊ दिवसांत बाराही मासे गेले.

मुलं रडत होती आणि मोठी माणसं कारण शोधत होती. कुणी म्हणालं, दुकानदाराने आजारी माल दिला. कुणी म्हणालं, दृष्ट लागली. मग कुणाला तरी आठवलं की आदल्या दिवशी आपल्या वॉचमनमामांनी पार्किंग फिनेलने धुतलं होतं. नक्कीच बादली हौदात विसळली असणार! मामा म्हणाले, "नाही हो साहेब, मी हौदाला हातसुद्धा लावला नाही." पण सभेत त्यांचं कोण ऐकणार? इतिवृत्ताच्या वहीत एकच ओळ आहे, की हौदातील मासे मेल्याबाबत वॉचमनला समज देण्यात आली. त्या वेळी मी सहचिटणीस होतो. ओळ माझ्याच अक्षरात आहे. महिनाअखेरीला मामा नोकरी सोडून गेले. हौद आपण मातीने भरून टाकला आणि त्यात अनंताचं झाड लावलं.

खरं कारण मला कळलं ते दहा-बारा वर्षांनी. मुलगी बी.एस्सी.ला मायक्रोबायॉलॉजी शिकत होती. अभ्यास करताना ती मोठ्याने वाचायची आणि मी पेपर वाचता वाचता ऐकायचो. त्यातली एक हकीकत ऐकून मी पेपर खाली ठेवला.

फ्रान्समध्ये 1877 साली श्लोएसिंग आणि म्युंट्झ या दोन शास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. वाळू आणि चुनखडी भरलेल्या उभ्या नळीतून त्यांनी गटाराचं पाणी हळूहळू झिरपू दिलं. पाण्यात अमोनिया होता. पहिले वीस दिवस काहीच झालं नाही. वरून जेवढा अमोनिया जाई, तेवढाच खाली येई. मग मात्र खालच्या पाण्यात नायट्रेट दिसू लागलं आणि अमोनिया नाहीसा झाला. त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, तर काम बंद पडलं. म्हणजे हे काम नुसत्या वाळूचं नव्हतं. वाळूच्या कणांवर कुणीतरी जिवंत राहायला आलं होतं, आणि त्यांना बस्तान बसवायला वीस दिवस लागले होते!

हे जीव कोण, ते पुढे 1890 च्या सुमाराला सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने झुरिकमध्ये शोधून काढलं. ही दोन वेगवेगळ्या जिवाणूंची जोडी निघाली. पहिले अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. दुसऱ्यांचं पोट पहिल्यांच्या कामावर चालतं, म्हणून ते मागाहून वाढतात. कारखान्यात आधीच्या पाळीचा माल तयार झाल्याशिवाय पुढच्या पाळीला काम नसतं ना, तसंच.

आता आपला हौद डोळ्यांसमोर आणा. मासा श्वास घेतो तेव्हा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. खाल्लेलं आणि न खाल्लेलं अन्न कुजून आणखी अमोनिया होतो. तो माशाला विषासारखा असतो, कल्ले भाजून काढतो. जुन्या तळ्यात दगडांवर, भिंतींवर, शेवाळात जिवाणूंचा पातळ बुळबुळीत थर असतो, तो हे विष रोजच्या रोज संपवतो. आपला हौद मात्र कोरा करकरीत होता. शिवाय भरलेलं पाणी नळाचं, म्हणजे क्लोरीनचं. क्लोरीन जंतू मारण्यासाठीच घालतात. ते आपल्या पोटासाठी चांगलं, पण चुकून आलेले उपयोगी जिवाणूही त्यात टिकत नाहीत आणि माशांचे कल्लेही होरपळतात.

तिसरी गोष्ट सिमेंटची. नव्या सिमेंटमधून चुना पाण्यात उतरत राहतो आणि पाणी अल्कधर्मी होतं. अशा पाण्यात तेवढाच अमोनिया कितीतरी जास्त विषारी ठरतो. पाणी जितकं गरम, तितका त्रास आणखी जास्त. आणि आपण मे महिन्यात, साधारण चौदाशे लिटर पाण्यात, एकाच संध्याकाळी बारा मासे सोडले होते. वर मुलं दिवसातून पाच वेळा खाणं टाकत होती. फिनेलची गरजच नव्हती. मासे वाचण्यासारखं तिथे काही नव्हतं.

मुलीने विचारलं, "बाबा, काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही, तू वाच."

त्यानंतर मी या विषयातलं मिळेल ते वाचत गेलो. ज्यांनी कोई जगाला दिले त्यांची हकीकत वाचली, तेव्हा आणखी खजील झालो. (बंगाली लोकांचा कोई मासा वेगळा बरं का, त्याची याच्याशी गल्लत नको.) आपला कोई म्हणजे साधा कार्प. तळ्यातल्या माशांबरोबर बाजारात 'सायप्रिनस' म्हणून येतो ना, त्याचाच रंगीत भाऊ. जपानच्या निगाता प्रांतात यामाकोशी नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथे हिवाळ्यात पुरुषभर उंचीच्या वर बर्फ पडतो आणि पूर्वी गावांचा एकमेकांशी संबंध तुटत असे. भाताच्या खाचरांना पाणी द्यायला डोंगरावर जी तळी होती, त्यांत शेतकरी खाण्यासाठी कार्प पाळत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यात मधूनच एखादा लाल, एखादा पांढरा मासा निपजू लागला. शेतकऱ्यांनी तो खाल्ला नाही, बाजूला ठेवला आणि जोड्या लावत गेले. 1914 साली टोकियोत मोठं प्रदर्शन भरलं, तिथे हे मासे मांडले गेले आणि सगळ्या जपानचं लक्ष त्यांच्याकडे गेलं. जपानी भाषेत त्यांना 'निशिकिगोई' म्हणतात, म्हणजे जरतारी कार्प.

मला त्यांच्या माशांपेक्षा त्यांची तळी तयार करण्याची रीत जास्त आवडली. शरद ऋतूत मोठे मासे काढून घरातल्या हौदांत आणतात आणि डोंगरावरची तळी रिकामी करतात. पुढच्या हंगामात पिल्लं सोडण्याआधी तळ्यात कोंबडखतासारखं खत घालून पाणी भरतात. त्यात डोळ्यांना जेमतेम दिसणारे पाणकिडे माजले, की मगच पिल्लं सोडतात. म्हणजे घर आणि जेवण दोन्ही तयार, मग पाहुणे.

23 ऑक्टोबर 2004 च्या संध्याकाळी तिथे मोठा भूकंप झाला. डोंगर खचले, रस्ते तुटले, तळी फुटली, मासे गेले. यामाकोशीच्या दोन हजारांहून जास्त लोकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं. काहींना परतायला तीन वर्षं लागली. परत आल्यावर त्यांना रस्ते, घरं, खाचरं, तळ्यांचे बांध हे सगळं पुन्हा उभं करावं लागलं. आज तिथल्या तळ्यांत पुन्हा कोई आहेत.

पण यासाठी जपानलाच जायला पाहिजे असं नाही. आपल्या पुण्यालाही हे शहाणपण जुनं आहे. अठराव्या शतकाच्या मध्याला, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजहून शहरात पाणी आणलं. तिथे एकाला लागून एक असे दोन तलाव आहेत. पहिल्यात गाळ बसायचा, निवळलेलं पाणी दुसऱ्यात यायचं आणि तिथून जमिनीखालच्या दगडी नळातून शहरातल्या हौदांत. वाटेत जागोजागी उच्छ्वास बांधलेले, म्हणजे पाण्याला दम घ्यायची सोय. पाणी आलं म्हणजे झालं, असं त्या लोकांनी मानलं नाही. पाण्याला निवायला जागा दिली, वेळ दिला. पुण्यात राहूनही आपण मात्र सकाळी भरलेल्या हौदात संध्याकाळी मासे सोडले.

आता नव्या तळ्याविषयी. रौप्यमहोत्सवानिमित्त मागच्या अंगणात पुन्हा तळं करायचं, हा ठराव वार्षिक सभेत मंजूर झाला. अनंताचं झाड तसंच ठेवून त्याच्या पलीकडची जागा घेतली. बारा फूट लांब, आठ फूट रुंद, चार फूट खोल, म्हणजे जवळपास अकरा हजार लिटर पाणी. कोई दोन फुटांपर्यंत वाढतो आणि नीट सांभाळला तर पंचवीस-तीस वर्षं जगतो. माशामागे हजार लिटर धरले, तर आपल्या तळ्यात दहा मासे. अकरावा नाही.

वाद झाला तो तारखेवरून. महोत्सवाच्या दिवशी प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते मासे सोडायचे, फोटो काढायचे, असं बऱ्याच जणांचं मत होतं. पत्रिकेचा मजकूरही तयार होता. तळ्याचं सिमेंट मात्र नुकतंच वाळलेलं. मी सभेत उभा राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा इतिवृत्तातली ती जुनी ओळ मोठ्याने वाचली. मग वर जे लिहिलं ते सगळं सांगितलं. थोडा वेळ कुणी बोललं नाही. बी विंगमधल्या डॉक्टर काकूंनी एकच प्रश्न विचारला, "तोवर डास झाले तर?" प्रश्न रास्त होता. शेवटी असं ठरलं :

सिमेंट पिकेपर्यंत, म्हणजे महिनाभर, तळं भरायचं, आठवड्याने उपसायचं, भिंती घासायच्या, पुन्हा भरायचं. पहिल्या खेपेला पीएच दहाच्या वर होता, हे लिहिताना तिसऱ्या खेपेला नऊवर आला आहे. साडेआठच्या खाली स्थिर झाला की पुढचं पाऊल. उपसलेलं पाणी झाडांना घालायचं नाही, जिने आणि पार्किंग धुवायला वापरायचं.

मग कायमचं पाणी. नळाचं पाणी दोन दिवस पंप चालू ठेवून उघडं खेळतं ठेवायचं, म्हणजे क्लोरीन उडून जातं. त्यानंतर ज्यांच्याकडे निरोगी माशांची जुनी टाकी आहे त्यांच्याकडून फिल्टरचा थोडा मळका स्पंज आणून आपल्या फिल्टरमध्ये ठेवायचा. तो धुवायचा नाही! तो मळ म्हणजे दह्याचं विरजण आहे.

विरजणालाही दूध लागतं. म्हणून रोज चिमूटभर माशांचं खाणं रिकाम्या तळ्यात टाकायचं. ते कुजून अमोनिया होईल, त्यावर जिवाणू वाढतील. दर तीन दिवसांनी टेस्ट किटने पाणी तपासायचं. आधी अमोनिया चढेल आणि उतरेल, मग नायट्राइट चढेल आणि उतरेल. दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागलं, की तळं तयार. याला चार ते सहा आठवडे लागतात. या काळात पंप रात्रंदिवस चालू राहील, कारण जिवाणूंनाही हवा लागते. तो जनरेटरच्या लाइनवर घेतला आहे. हलत्या पाण्यात डास सहसा अंडी घालत नाहीत, तरी वरून बारीक जाळी राहील.

पाणी पास झालं की आधी थोडे गप्पी मासे. ते आठवडाभर ठणठणीत राहिले तर दोन कोई. मग दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने दोन-दोन, दहा होईपर्यंत. खाणं कुणी टाकायचं याची पाळी मुलांनीच लावली आहे, तक्ता नोटीस बोर्डावर आहे.

मग महोत्सवाच्या दिवशी काय? त्या दिवशी जलपूजन. प्रत्येक घरातून एक तांब्या पाणी आणायचं, आदल्या रात्री उघड्या भांड्यात ठेवलेलं. चाळीस घरांचे चाळीस तांबे तळ्यात पडतील. फोटोत मासे नसतील, नुसतं पाणी असेल. मुलांना सांगितलं तर ती हिरमुसली नाहीत. उलट तिसरीतल्या एकीने विचारलं, "म्हणजे आधी आपण जंतू पाळायचे?" अगदी बरोबर.

माझ्याकडून एक काम राहिलं आहे. वॉचमनमामांचा पत्ता जुन्या रजिस्टरमध्ये अर्धवट आहे, फोन तेव्हा नव्हताच. ते भोर तालुक्यातले, एवढंच आठवतं. कुणाला त्यांचा ठावठिकाणा माहीत असेल तर सोसायटीच्या ऑफिसात जरूर कळवावं. त्यांना आमंत्रण द्यायला मला स्वतः जायचं आहे. पहिला तांब्या त्यांच्या हातून पडावा, आणि तो पडण्याआधी सर्वांसमक्ष मला त्यांना सांगायचं आहे की मामा, तुम्ही खरं बोलत होतात.