सावित्रीच्या पाण्याची खूण

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

महाडच्या जुन्या घरांत गेलात तर भिंतीवर एक आडवी रेघ दिसेल. कुठे ती कोळशाने ओढलेली असते, कुठे तेलरंगाने, तर कुठे नुसता गाळाचाच डाग राहिलेला असतो. पाहुणा विचारतो, ‘हे काय?’ घरातलं शाळकरी पोर उत्तर देतं, ‘पाणी इथवर आलं होतं.’ आमच्या गावाचा इतिहास असा भिंतीवर लिहिलेला आहे. मी महाडमध्ये बरीच वर्षं भूगोल शिकवला. नदीचं पाणी मोजणं हा माझा विषयही आणि छंदही. या मोजण्याचा इतिहास आज थोडक्यात सांगायचा आहे. त्यात माझी स्वतःची एक चूकही आहे, तीही सांगणार आहे.

सावित्री महाबळेश्वरला उगम पावते. कृष्णा, कोयना आणि वेण्णा तिथून पूर्वेकडे देशावर जातात. सावित्री मात्र पश्चिमेची वाट धरून थेट कोकणात उतरते. साडेचार हजार फुटांवरून ती पोलादपूरच्या अंगाला येते आणि महाडला पोचते तेव्हा समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंचीवर असते. महाडला तिला गांधारी मिळते. रायगडाच्या बाजूचं पाणी घेऊन काळ नदी येते. पुढे दासगाव, आंबेत असं करत बाणकोटच्या खाडीतून ती समुद्राला मिळते. म्हणजे वरून घाटाचं पाणी धावत येतं आणि खालून समुद्राची भरती वर चढते. या दोघांची गाठ पडते ती आमच्या दारात.

जुन्या लोकांना हे नेमकं ठाऊक होतं, कारण त्यांचा व्यवहारच नदीवर होता. महाड हे जुनं बंदर. गावाजवळची गांधारपाले लेणी पाहिली की घाटमाथ्याकडे जाणारा व्यापार केव्हापासून इथून चालत असेल याचा अंदाज येतो. उधाणाच्या भरतीला गलबतं वर येत आणि माल उतरवून ओहोटीबरोबर परत जात. गलबताचा तांडेल दोरीला शिशाचं वजन बांधून पाण्यात सोडायचा आणि किती वाव पाणी आहे ते पाहायचा. कुठे गाळ साठला, कुठे वाळूचा दांडा सरकला, हे त्याला रोजच्या रोज कळायचं. ‘जलसर्वेक्षण’ हा शब्द त्याने ऐकला नसेल, पण तो करत होता ते तेच.

भरतीचं त्याचं गणित तर पंचांगावर चाले. तिथीला तीनने गुणायचं आणि चाराने भागायचं, की भरतीचा तास निघाला. पौर्णिमा म्हणजे पंधरा. पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वाअकरा. पौर्णिमेला आणि अमावास्येला किनाऱ्यावर साधारण त्या सुमारास पूर्ण भरती असते. खाडीत आत तिला पोचायला आणखी वेळ लागतो, तोही ज्याला त्याला आपापल्या गावापुरता पाठ असे. चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा उगवतो, त्यावर हा आडाखा बसवलेला आहे. घड्याळ लावून पाहा, थोडाफार फरक पडेल, पण फसवणार नाही.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या दुसऱ्या परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी मुंबईहून बोटीने निघाले आणि दासगावच्या बंदरात उतरून महाडला आले. त्याच वर्षी २० मार्चला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता. पाण्याचा इतिहास सांगताना तो विसरून चालणार नाही. पाणी किती आहे हा प्रश्न विचारण्याआधी ते कोणाचं आहे हा प्रश्न या गावात विचारला गेला. पण आज मला त्या प्रवासातली एक साधी गोष्ट लक्षात आणून द्यायची आहे. १९२७ साली मुंबईहून महाडला येण्याची सरळ वाट ही पाण्याची होती.

पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, महाड आणि पोलादपूरच्या दरम्यान सावित्रीवर दगडी कमानींचा पूल झाला. हळूहळू मोटारी वाढल्या, बोटी कमी झाल्या, खाडी गाळाने उथळ होत गेली. पूल ही मोठीच सोय होती, तिला नावं ठेवायचं कारण नाही. पण आपण नदीच्या वरून जाऊ लागलो आणि नदीकडे बघणं सुटलं. दोरी सोडून खोली पाहणारा तांडेल गेला आणि त्याच्या जागी बराच काळ कोणीच आलं नाही.

सरकारी मोजणी सुरू झाली ती पावसापासून. महाबळेश्वर हे इंग्रजांचं थंड हवेचं ठिकाण, त्यामुळे तिथल्या पावसाच्या नोंदी एकोणिसाव्या शतकापासून आहेत. १८७५ साली भारतीय हवामान विभाग स्थापन झाला आणि देशभर एकसारखे पर्जन्यमापक बसू लागले. तालुक्याच्या कचेरीच्या आवारात तारेच्या कुंपणात ठेवलेलं नळकांडं अनेकांनी पाहिलं असेल. सकाळी शिपाई येतो, साठलेलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओततो आणि आकडा वहीत लिहितो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे काय? एक चौरस किलोमीटर जमिनीवर दहा लाख लिटर पाणी. एवढं एक गणित डोक्यात ठेवलं की वर्तमानपत्रातल्या आकड्यांचा अर्थ लागतो.

नदी मोजायची रीत वेगळी. पुलाच्या खांबावर किंवा घाटाच्या पायऱ्यांवर मीटरच्या खुणा असलेली पट्टी लावतात आणि ठरल्या वेळी ती वाचतात. पण ही झाली पाण्याची उंची. पाणी किती वाहतंय ते त्यावरून लगेच कळत नाही. त्यासाठी पात्राची रुंदी आणि खोली मोजून क्षेत्रफळ काढावं लागतं, वाट्यांचं चाक फिरणारं प्रवाहमापक यंत्र पाण्यात सोडून वेग पाहावा लागतो, मग दोन्हींचा गुणाकार. अशी मोजमापं वेगवेगळ्या पातळ्यांना घेतली की एक आलेख तयार होतो आणि पुढे नुसती पट्टी वाचून प्रवाह सांगता येतो. महाराष्ट्रात या कामाला बळ मिळालं ते १९९५ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू झालेल्या जलविज्ञान प्रकल्पामुळे.

महाडला मात्र हा आलेख पुरता लागू पडत नाही, आणि त्याचं कारण ती भरती. ओहोटीच्या वेळी पट्टीवर पाच मीटर दिसले तर पाणी धावतंय असं समजावं. भरतीच्या वेळी तेच पाच मीटर दिसले तर पाणी कदाचित तुंबून उभं असेल. पट्टी एकच, आकडा एकच, अर्थ दोन. आम्हाला शास्त्र आणि पंचांग दोन्ही लागतं ते यासाठी. पाटबंधारे खात्याने महाडसाठी सहा मीटर ही इशारा पातळी आणि साडेसहा मीटर ही धोक्याची पातळी ठरवलेली आहे. पावसाळ्यात हे आकडे गावातल्या पोरासोरांनाही पाठ असतात.

आता २५ आणि २६ जुलै २००५. गुरुपौर्णिमा होऊन चार-पाच दिवस झाले होते. मुंबईच्या त्या प्रलयाची आठवण सगळ्यांना आहे. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच पावसात महाड तालुक्यातल्या दासगाव, जुई, रोहण आणि कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. महाड शहर पाण्यात होतं. रस्ते बंद, फोन बंद. शेजारच्या गावात काय घडलं ते आम्हाला फार उशिरा कळलं.

त्यानंतर माझ्या वर्गातल्या मुलांना घेऊन मी मोजणी सुरू केली. मुलं घाटाच्या पायऱ्यांवर पाणी कुठवर आलं ते रोज पाहून वहीत लिहायची. पोलादपूरकडून येणारी मुलं प्लास्टिकच्या बाटलीच्या पर्जन्यमापकाने आपल्या दारातला पाऊस मोजायची. तिथीचा एक रकाना मुद्दाम ठेवला होता. दोन-तीन वर्षांत मुलांनाच समजू लागलं की वर जोराचा पाऊस झाला की काही तासांनी आपल्या पायऱ्या बुडतात, आणि त्या वेळी भरती असेल तर लवकर उघड्या पडत नाहीत. हे शोध काही नवे नव्हते, पण ते त्यांचे स्वतःचे होते.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तो १९२८ चा पूल पडला. दीप अमावास्येचा दिवस, घाटावर मुसळधार पाऊस, नदीला प्रचंड लोंढा. अकरानंतर केव्हातरी पुलाचा भाग वाहून गेला आणि अंधारात त्यावरून येणाऱ्या गाड्या एकामागून एक पाण्यात गेल्या. त्यांत जयगड–मुंबई आणि राजापूर–बोरिवली या दोन एसटी बस होत्या. चाळीसच्या आसपास माणसं दगावली. जवळच्या गॅरेजमधल्या एका माणसाच्या लक्षात आलं, म्हणून पुढची वाहतूक थांबली. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि त्यात धोका आढळला नव्हता, असं नंतर विधानसभेत सांगण्यात आलं.

मे महिन्यातली पाहणी. त्या दिवसांत सावित्रीत गुडघाभर पाणी असतं. दगड दिसतात, चुना दिसतो, कमानी दिसतात. पण पूल खचतो तो बहुधा पावसाळ्यात, पायाखालची माती-वाळू पुराने उकरून नेली म्हणजे. ती खोली पुराच्या दिवसांत, पाण्याखाली मोजावी लागते. तांडेल जे काम दोरीने करायचा तेच हे काम. पुलाखालचं पाणी किती चढलं की वाहतूक थांबवायची, याची एक ठळक खूण आणि ती बघणारा एक माणूस त्या रात्री तिथे असता तर, हा विचार अजून मनातून जात नाही.

शोधाचे ते दिवस आम्ही नदीकाठी काढले. नौदल, तटरक्षक दल, आपत्ती प्रतिसाद दलाची माणसं आली. तीनशे किलोचं लोहचुंबक दोरखंडाला बांधून पाण्यात सोडलं जात होतं. मृतदेह मात्र खाडीतून थेट समुद्रकिनाऱ्यावर, आंजर्ल्यापर्यंत गेलेले मिळाले. उधाणानंतरची ओहोटी केवढ्या जोराने ओढते, हे खाडीकाठच्या कोळ्यांना आधीच ठाऊक होतं. नवा पूल ५ जून २०१७ रोजी सुरू झाला.

आणि मग २२ जुलै २०२१. शुद्ध त्रयोदशी, म्हणजे उधाण जवळ आलेलं. महाबळेश्वरला २३ तारखेच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. पुणे शहराला वर्षभरात साधारण सातशे मिलिमीटर मिळतो, यावरून काय ते समजा. आदल्या रात्री पातळी धोक्याच्या खुणेकडे चालली आहे हे मला कळलं होतं. मी घरातलं सामान वर उचललं. शाळेतल्या मुलांच्या पंधरा वर्षांच्या वह्या माझ्याकडेच होत्या. त्या मी भिंतीतल्या फळीवर ठेवल्या, २००५ च्या रेघेच्या चांगल्या हातभर वर. मनात म्हटलं, याच्या वर काही पाणी जात नाही.

पाणी त्या फळीच्याही वर गेलं. आम्ही माडीवर होतो म्हणून वाचलो. वह्यांचा लगदा झाला. पण आमचं नुकसान ते काय! त्याच दिवशी तळिये गावावर डोंगर खाली आला आणि ऐंशीहून अधिक माणसं गाडली गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीलाही दरडी कोसळल्या. त्यांच्यापुढे वह्यांचं दुःख बोलूनही दाखवू नये. तरी सांगतो, कारण चूक त्या रेघेची नव्हती, माझ्या वाचण्याची होती. पाणी कुठवर आलं एवढंच ती रेघ सांगते. कुठवर येऊ शकतं ते ती सांगत नाही. वर्गात मी मुलांना सांगत आलो होतो की ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ म्हणजे दर वर्षी शंभरात एक शक्यता. एकदा आला म्हणून पुढची नव्व्याण्णव वर्षं मोकळी नसतात. शिकवलं मुलांना, आणि विसरलो मी.

आज साधनं वाढली आहेत. मंडलनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत, पाण्याच्या पातळीचे आकडे मोबाइलवर येतात. प्रदूषण नियंत्रण मंडळ दादलीच्या पुलाजवळ पाण्याचे नमुने घेतं, कारण औद्योगिक वसाहत आल्यापासून पाणी किती याबरोबर ते कसं हेही पाहावं लागतं. २०२१ नंतर पात्रातला गाळ काढण्याचं काम हाती घेतलं गेलं. दासगावजवळच्या रेल्वेच्या भरावाने पाणी अडतं, हे महाडकरांचं जुनं म्हणणं; त्याचा निकाल भाषणांनी लागणार नाही, भरती-ओहोटी धरून केलेल्या मोजमापांनीच लागेल. आणि महाबळेश्वरचा आकडा पोलादपूरच्या वाडीत, महाडच्या बाजारपेठेत वेळेवर पोचला, तो ऐकून कोणी उठून दार ठोठावलं, तरच त्या मोजण्याला अर्थ. घाटातून पाणी उतरायला काही तासच लागतात. आपल्याला मिळतो तो वेळ तेवढाच.

माझी एक वही वाचली. माझी एक विद्यार्थिनी ती उतरवून घ्यायला पोलादपूरला घरी घेऊन गेली होती. पूर ओसरल्यावर ती स्वतः घेऊन आली. आता ती मुलगी आपल्या वाडीतल्या मुलांकडून पाऊस मोजून घेते. मी भिंतीवर नवी रेघ ओढली आहे, तारीख आणि तिथीसकट. तिच्या वर थोडी जागा सोडून मुलांसाठी एक वाक्य लिहिलं आहे : ‘पाणी याच्याही वर येऊ शकतं.’