हर्पिस विषाणूंचे रेणवीय निदान

रुग्णाचे रक्त, पाठीतले पाणी, लाळ, लघवी, डोळ्यातला द्रव किंवा अंगावरच्या फोडातला स्राव यांत हर्पिस कुळातल्या विषाणूचा डीएनए आहे का, कोणत्या विषाणूचा आहे आणि किती आहे, हे ठरवणारी तपासणी. या कुळातले नऊ विषाणू माणसात वस्ती करतात: हर्पिस सिम्प्लेक्स १ व २, कांजिण्या आणि नागीण या दोन्हींना कारण असलेला व्हॅरिसेला-झोस्टर, एपस्टाइन-बार, सायटोमेगॅलो म्हणजे सीएमव्ही, आणि एचएचव्ही-६ए, ६बी, ७ व ८. यांपैकी शेवटच्याचा शोधच रेणवीय तंत्राने लागला. १९९४ साली युआन चँग आणि पॅट्रिक मूर यांनी कापोसी सार्कोमाच्या गाठीतला डीएनए त्याच रुग्णाच्या निरोगी ऊतीतल्या डीएनएशी ताडून पाहिला, तेव्हा हा परका विषाणू उघड झाला.

हर्पिस विषाणू एकदा शरीरात शिरला की जन्मभर राहतो. सिम्प्लेक्स आणि व्हॅरिसेला चेतापेशींच्या गाठींत दडतात, एपस्टाइन-बार बी पेशींत. त्यामुळे रक्तातल्या आयजीजी प्रतिपिंडांवरून फक्त जुना संसर्ग कळतो. आजचा ताप त्याचाच का, हे कळत नाही. डीएनए सापडल्यानेही हा प्रश्न दरवेळी सुटतो असे नाही. पाठीतल्या पाण्यात पांढऱ्या पेशी वाढल्या की त्यांच्यासोबत एपस्टाइन-बारचा डीएनए येऊ शकतो, आणि आजार भलताच असतो. नमुना कुठला, कधी घेतला आणि डीएनए किती, हे पाहिल्याशिवाय ‘पॉझिटिव्ह’ या शब्दावर उपचार ठरवू नयेत.

तपासणीचा गाभा म्हणजे पीसीआर, नमुन्यातल्या डीएनएच्या प्रती फेरीगणिक दुप्पट करत नेणारे तंत्र. कोरोनाकाळात घरोघरी पोचलेली सीटी व्हॅल्यू, म्हणजे डीएनए दिसू लागेपर्यंतच्या फेऱ्यांची संख्या, इथेही असते. मात्र हे विषाणू डीएनएचे असल्याने आरएनएपासून डीएनए बनवण्याची पायरी लागत नाही. सीटी साधारण ३.३ ने उतरली की मूळ डीएनए दहापट समजावा.

या तंत्राने सर्वांत मोठा फरक पडला तो सिम्प्लेक्सच्या मेंदूदाहात. उपचार न झाल्यास यात सुमारे ७० टक्के रुग्ण दगावतात. पूर्वी खात्रीसाठी कवटी उघडून मेंदूचा तुकडा काढावा लागे. १९९० पासून पाठीतल्या पाण्यावर पीसीआर होऊ लागली, आणि १९९५ साली लेकमन व व्हिटली यांनी ती मेंदूच्या बायोप्सीशी ताडली: संवेदनशीलता ९८ टक्के, विशिष्टता ९४ टक्के. बायोप्सीची गरज जवळपास संपली. तरीही आजाराच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत निकाल खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. ताप, बदललेले वागणे, झटके आणि एमआरआयवर कानशिलामागच्या मेंदूची सूज असे चित्र असेल, तर एका निगेटिव्ह अहवालावर असायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध थांबवणे जिवावर बेतू शकते. काही दिवसांनी पाठीतले पाणी पुन्हा काढून तपासावे. औषधही अहवालाची वाट न पाहता, संशय येताच सुरू करायचे असते.

पुष्कळदा निकाल बिघडतो तो प्रयोगशाळेत नव्हे, खाटेजवळ. फोडाचा स्वॅब घेताना ताजा, पाणीदार फोड फोडून त्याचा तळ घासावा लागतो. वरवर फिरवलेल्या स्वॅबवर पेशी येत नाहीत. नागीण आणि कांजिण्यांत सुकलेली खपलीही चालते. रक्त जांभळ्या टोपणाच्या, ईडीटीए असलेल्या ट्यूबमध्ये घेतात, कारण हेपॅरिन पीसीआरच्या विकराला अडवते. म्हणून चांगल्या चाचणीत अंतर्गत कंट्रोल, म्हणजे मुद्दाम मिसळलेला ओळखीचा डीएनए, असतो. तोही वाढला नसेल, तर निकाल ‘निगेटिव्ह’ नव्हे, ‘अग्राह्य’ असतो.

सीएमव्हीत प्रश्न ‘किती’चा असतो. मूत्रपिंड किंवा अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर व्हायरल लोड, म्हणजे रक्तातले विषाणूचे प्रमाण, ठरावीक अंतराने मोजून तो चढू लागताच औषध देतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये यासाठी आंतरराष्ट्रीय मानक ठरवले, तेव्हापासून आकडे आययू (आंतरराष्ट्रीय एकक) प्रति मिलिलिटरमध्ये देता येतात. तरी एकाच रुग्णाची मोजणी एकाच प्रयोगशाळेत आणि एकाच प्रकारच्या नमुन्यावर व्हावी. पूर्ण रक्त आणि प्लाझ्मा यांचे आकडे जुळत नाहीत. नवजात बाळात नमुना पहिल्या २१ दिवसांतच घ्यावा लागतो, नंतर संसर्ग गर्भातला की जन्मानंतरचा हे सांगता येत नाही. लाळेत आईच्या दुधातला विषाणू मिसळू शकतो, म्हणून लाळ पॉझिटिव्ह आली की लघवी तपासून खात्री करतात.

एचएचव्ही-६ची अडचण वेगळीच. सुमारे एक टक्का लोकांत त्याचा पूर्ण जीनसंच गुणसूत्राच्या टोकाशी जोडलेला असतो आणि आईवडिलांकडून वारशाने येतो. अशांच्या रक्तात संसर्ग सक्रिय नसतानाही प्रचंड डीएनए दिसतो, पाठीतल्या पाण्यातही, आणि विनाकारण गॅन्सिक्लोव्हिरसारखे रक्तपेशी घटवणारे औषध सुरू होण्याची भीती असते. शंका आल्यास केसांची मुळे किंवा नखे तपासतात: तिथेही विषाणू सापडला, तर तो वारशाचा.