पद्मिनीचं हेड

नंदाखालमध्ये कुणाच्या अंगणात जुनी प्रीमियर पद्मिनी उभी असेल, तर तिच्या बॉनेटखाली इटलीच्या फियाट ११०० चंच इंजिन आहे, १०८९ सीसीचं. ब्लॉक बिडाचा, हेड मात्र ॲल्युमिनियमचं. ॲल्युमिनियम तापलं की बिडापेक्षा जास्त फुगतं. रेडिएटरमधलं पाणी आटलं, की हेड वाकतं आणि गॅसकेट उडतं! मग लेथवाल्याकडे फेसिंग. पण दर फेसिंगला हेड पातळ होतं, कॉम्प्रेशन वाढतं. हा उपाय दोन-चारदाच.

मग इटलीहून मागवायचं? जपून. १९६२ मध्ये तिथल्या ११००डी ला १२२१ सीसीचं इंजिन आलं, सिलिंडरचा व्यास ७२ मिमी. आपल्या कुर्ल्याच्या कारखान्याने ६८ च ठेवला. नाव तेच, माप वेगळं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही थांबली. आता जुनं हेड भंगारात घालण्याआधी निदान एकदा मोजून तरी बघा राव.