आजोबांची मुन्शिपाल्टी

२१ डिसेंबर २०२१ ला मतदान करून घरी आलो, तेव्हा बोटावरची शाई अजून ओली होती. आमच्या महाळुंग-श्रीपूरला नगरपंचायत झाली आणि तिची ती पहिलीच निवडणूक. जागा सतरा, उमेदवार मात्र गल्लीगल्लीत. चुलत्यांच्या ओट्यावर बसलेल्या पोरांच्या तोंडी एकच शब्द, ‘नगरसेवक’. मला राहून राहून आजोबांचा शब्द आठवत होता. मुन्शिपाल्टी. शेवटच्या ‘टी’वर ते असा जोर द्यायचे, की बशीतला चहा हिंदकळायचा.

आजोबा मूळचे सोलापूरचे, जुन्या गिरणीतले कामगार. आगाशे यांनी १९३४ साली बृहन् महाराष्ट्र शुगर सिंडिकेट काढली आणि श्रीपूरला साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा ते फिटर म्हणून इकडं आले. एक ट्रंक, एक कंदील आणि आजीच्या माहेरची शेंगाची चटणी कुटायची उखळी, एवढाच संसार. मळीच्या वासात जन्म गेला, पण गोष्टी सगळ्या सोलापूरच्या. संध्याकाळी कडक भाकरीचा तुकडा मोडून तोंडात टाकला, की सुरुवात ठरलेली : “आमची मुन्शिपाल्टी अठराशे बावनची. तुमच्या पणज्याच्याही आधीची.”

साल त्यांनी बरोबर सांगितलं होतं. १८५० चा सव्विसावा कायदा आला आणि दोनच वर्षांत सोलापुरात नगरपालिका सुरू झाली. पण तेव्हा लोकांनी निवडून द्यायचं असं काही नव्हतं. साहेबानं चार प्रतिष्ठित माणसं नेमायची, त्यांनी माना डोलवायच्या. पुढं लॉर्ड रिपननं १८८२ मध्ये गावाचा कारभार गावकऱ्यांच्या हाती द्यायचा ठराव केला, १८८४ च्या मुंबई इलाख्याच्या कायद्यानं निवडून आलेल्या सभासदांना जागा मिळाली आणि मग पालिकेत खरी भांडणं सुरू झाली. आजोबांच्या भाषेत, “तवा कुठं मुन्शिपाल्टीत जीव आला बे.”

मत मात्र सगळ्यांना नव्हतं. कर भरणारा, चार पैसे बाळगून असलेला माणूस मतदार. आजोबा गिरणीच्या चाळीत दहा बाय दहाच्या खोलीत राहायचे. आजी एका वाक्यात निकाल लावायची : “घर न्हाई त्याला घरपट्टी न्हाई, घरपट्टी न्हाई त्याला मत न्हाई.” ज्या मुन्शिपाल्टीचा हा माणूस जन्मभर तोरा मिरवत आला, तिला त्यानं कधी मतच दिलं नव्हतं. मोठा झालो तेव्हा हे माझ्या लक्षात आलं. त्यांना विचारायचा धीर मात्र झाला नाही.

मिरवायला कारण होतं म्हणा. ६ एप्रिल १९३०. गांधीजींनी दांडीला मीठ उचललं, त्याच दिवशी सोलापूरच्या नगरपालिकेवर तिरंगा चढला. माणिकचंद शहा तेव्हा नगराध्यक्ष. झेंडा फडकवला तो पुण्याहून आलेल्या अण्णासाहेब भोपटकरांनी. देशात इतर कुठल्या पालिकेवर तोवर असा झेंडा लागला नव्हता, असं सोलापूरकर अजून छाती पुढं काढून सांगतात. आजोबा त्या गर्दीत होते. कधी सांगायचे मित्राच्या खांद्यावर बसून पाह्यलं, कधी लिंबाच्या झाडावरून. आजी आतून ओरडायची, “काय थापा मारताय! त्या दिवशी तुम्ही गिरणीत होता की!”

हा वाद दोघंही सोबत घेऊन गेले. मध्यंतरी सहज म्हणून मी त्या सालचं कॅलेंडर पाहिलं. सहा एप्रिलला रविवार होता. गिरणीला सुट्टी. आजोबा जिंकले होते, पण सांगायचं कुणाला?

पुढचा महिनाभराचा भाग सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा. गांधीजींना पकडलं, गाव पेटलं, ८ मे ला गोळीबार झाला आणि शंकर शिवदारे हा तरुण गेला. नंतर तीन दिवस शहरात इंग्रजांचा पोलीसच नव्हता, रस्त्यावरची वाहतूक काँग्रेसचे स्वयंसेवक बघत होते. १२ मे पासून मार्शल लॉ, तो थेट जूनअखेरपर्यंत. सोजिरांनी पालिकेवरचा झेंडा उतरवायला लावला. डोक्यावर गांधी टोपी दिसली तरी धरपकड. आजीनं आजोबांची टोपी ज्वारीच्या कणगीत तळाशी पुरून ठेवली. दिवाळीच्या सुमाराला ती वर निघाली तेव्हा पिवळी पडली होती, घडीत दोन टोके निघाले. आजोबांनी ती झटकली आणि तशीच घातली, धुऊ म्हणून दिली नाही.

मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन. सोलापूरच्या या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. दोन दिवसांवर संक्रांत, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा. आमच्या घरी त्या वर्षी तिळगूळ झाला नाही. आजीनं तीळ भाजायला घेतले होते, ते तसेच तव्यावर जळाले म्हणे. पुढं कधी सोलापूरला गेलो, की या चौघांच्या पुतळ्यांपाशी आजोबा थांबायचे, टोपी काढायचे, काही न बोलता पुढं निघायचे. मी लहान, माझं लक्ष समोरच्या भज्यांच्या गाड्याकडं.

१९६४ मध्ये सोलापूरची महानगरपालिका झाली. बातमी ऐकून आजोबा चक्क खट्टू झाले. “महा कशाला? मुन्शिपाल्टी काय वाईट होती?”

२०२१ च्या त्या निवडणुकीत आमच्या दारी एक पोरगेलासा उमेदवार आला. हात जोडून, “आजोबा, आशीर्वाद द्या.” मी त्याला १९३० सांगायच्या बेतात होतो. तेवढ्यात सून पदराला हात पुसत बाहेर आली. म्हणाली, “आशीर्वाद नंतर. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली, आता घरपट्टी किती वाढणार ते आधी सांगा.”

पोरगं घाम पुसायला लागलं. मी त्याला पाणी दिलं.