फाळणीनंतरचे महाविद्यालयीन प्रवेश : आश्वासन आणि पुरावा

विद्यापीठांच्या व्यवहारात ‘मायग्रेशन सर्टिफिकेट’ नावाचा एक कागद असतो. एका विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला दुसऱ्या विद्यापीठात जावयाचे असल्यास पहिल्याने त्यास मोकळे केल्याची ती खूण होय. या कागदाच्या नावाकडे एरवी कोणी लक्ष देत नाही. १९४७ साली मात्र पंजाब आणि सिंध या प्रांतांतून लक्षावधी माणसे घरदार सोडून निघाली, आणि कचेरीतला हा निरुपद्रवी शब्द एकाएकी भयंकर झाला. ज्यांनी खरोखर स्थलांतर केले होते त्यांच्याजवळच, बहुधा, स्थलांतराचे प्रमाणपत्र नव्हते.

निर्वासित विद्यार्थ्याची अडचण केवळ दारिद्र्याची नव्हती. आपण अमुक परीक्षा उत्तीर्ण झालो आहोत, अमुक वर्गात शिकत होतो, हे तो सांगू शके. सिद्ध करू शकत नसे. गुणपत्रिका घरी राहिलेली, घर सीमेपलीकडे गेलेले, ओळख देणारे मुख्याध्यापक कोठे आहेत याचा पत्ता नाही. ‘आश्वासन’ या शब्दाच्या मुळाशी ‘श्वस्’ हा धातू आहे. धाप लागलेल्याला श्वास घेऊ देणे, हा त्यातील मूळ भाव. त्या काळी प्रवेशेच्छूला श्वास घेऊ देणे याचा व्यावहारिक अर्थ एकच होता : पुरावा मागणाऱ्याने आपली मागणी कोठपर्यंत सैल करावयाची, हे ठरविणे. नुसत्या धीराच्या शब्दांनी कोणाचे नाव हजेरीपटावर चढत नाही.

पंजाबात हा प्रश्न अधिक बिकट होता. १८८२ साली स्थापन झालेले पंजाब विद्यापीठ लाहोरचे. फाळणीनंतर लाहोर पाकिस्तानात गेले, आणि विद्यापीठाची कचेरी, ग्रंथालय व दप्तरही तेथेच राहिले. अमृतसर, जालंधर किंवा लुधियाना येथील महाविद्यालये एका रात्रीत विद्यापीठावाचून पोरकी झाली. वटहुकुमाने १ ऑक्टोबर १९४७ पासून पूर्व पंजाब विद्यापीठ अस्तित्वात आले खरे, पण त्याला स्वतःची इमारत नव्हती. सोलन येथे कचेरी, आणि अध्यापनाचे विभाग होशियारपूर, जालंधर, अमृतसर व दिल्ली असे विखुरलेले. चंदिगढकडे हे बिऱ्हाड हलू लागले ते १९५६ पासून. अशा विद्यापीठाने निर्वासितांच्या छावण्यांत समाजसेवा करणाऱ्या विद्यार्थ्यांना परीक्षेऐवजी त्या सेवेच्या आधारावर पदवी देण्याचा मार्ग काढला. पदवीची प्रतिष्ठा यामुळे उणावते, हा आक्षेप उघड आहे आणि तो निराधारही नाही. तथापि त्यामागील प्रामाणिकपणा दुर्लक्षिण्याजोगा नाही. विद्यार्थ्याला अभ्यास करता आला असेल अशी बतावणी येथे केलेली नाही. त्याने त्या महिन्यांत जे केले, तेच मोजले आहे. दिल्लीत याच विद्यापीठाचे ‘कॅम्प कॉलेज’ निघाले. ते संध्याकाळी भरे, कारण त्यातील पुष्कळांना दिवसा पोटासाठी नोकरी करावी लागे. ज्या महाविद्यालयाच्या नावातच छावणी आहे, त्याला आपला विद्यार्थी कोठून आला हे विचारण्याची गरज नव्हती.

सिंधची गोष्ट वेगळी, आणि महाराष्ट्रातील अभ्यासकांनी ती विशेष लक्षपूर्वक पाहावयास हवी. १८४७ साली सिंध मुंबई इलाख्यास जोडला गेला आणि १९३६ साली तो स्वतंत्र प्रांत झाला. परंतु प्रांत तुटला तरी विद्यापीठ तुटले नाही. कराचीचे १८८७ साली निघालेले दयाराम जेठमल सिंध महाविद्यालय, म्हणजेच डी. जे. सिंध कॉलेज, पुढेही मुंबई विद्यापीठाशीच संलग्न राहिले. कराची-हैदराबादकडील मुले परीक्षा देत ती मुंबईची, आणि त्यांच्या उत्तीर्णतेची नोंद होई ती मुंबईतच. त्यामुळे १९४८ च्या जानेवारीत कराचीत दंगल उसळून सिंधी हिंदू मोठ्या संख्येने बोटीने मुंबईस येऊ लागले, तेव्हा त्यांतील जुना विद्यार्थी एका विलक्षण परिस्थितीत होता : घर गेले होते, पण त्याच्या विद्येची साक्ष तो ज्या बंदरात उतरला त्याच शहरात, राजाबाई टॉवरच्या आसमंतात, त्याच्याआधीच येऊन बसलेली होती. १९४७ च्या एप्रिलमध्ये सिंध विद्यापीठाचा कायदा झाला नसता, तर हे सूत्र अखंड राहिले असते. त्या वर्षी नव्याने महाविद्यालयात गेलेली मुले मात्र दोन विद्यापीठांच्या सांध्यात सापडली.

याच न्यायाने पाहता, अमृतसर-जालंधरहून लाहोरला गेलेल्या मुसलमान विद्यार्थ्याची स्थिती मुंबईस आलेल्या सिंधी विद्यार्थ्यासारखी होती; त्याचेही दप्तर त्याच्यापुढे जाऊन थांबलेले होते. निर्वासिताचे दैव त्याच्या धर्मावरून ठरले, पण त्याच्या प्रवेश-अर्जाचे दैव दप्तराच्या कपाटावरून ठरले. फाळणीच्या इतिहासलेखनात या कपाटांकडे फारसे कोणी वळलेले नाही.

तरीही नोंद असणे आणि जागा मिळणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. मुंबईतील महाविद्यालये आधीच भरलेली. ही उणीव निर्वासित अध्यापकांनीच भरून काढली. डी. जे. सिंध कॉलेजमधून आलेल्या काही प्राध्यापकांनी १९४८ साली जय हिंद कॉलेज काढले, तेही अवघ्या दोन खोल्यांत. सिंधमधील हैदराबादेस अ‍ॅनी बेझंट यांच्या प्रेरणेने १९२२ साली निघालेले नॅशनल कॉलेज १९४९ साली वांद्र्यास पुन्हा उभे राहिले. येथे नामकरणाचा भेद ध्यानात घेण्यासारखा आहे. पंजाबातील डी. ए. व्ही. आणि सनातन धर्म या संस्थांप्रमाणे वांद्र्याच्या महाविद्यालयाने जुने नाव सोबत आणले. चर्चगेटच्या महाविद्यालयाने नवे घेतले. आपल्या ओळखीच्या नावाची पाटी परक्या गावी दिसणे हे प्रवेशेच्छूच्या आईबापांना कोणत्याही परिपत्रकापेक्षा अधिक धीर देणारे असले पाहिजे.

भाषेच्या बाजूने पाहता हे आश्वासन अपुरेच होते. शिक्षणाचे माध्यम इंग्रजी असल्यामुळे वर्गातील व्याख्यान मुलाला परके वाटले नाही. पण त्याची सिंधी १८५३ साली मान्य झालेल्या बावन्न अक्षरांच्या अरबी लिपीत लिहिली जाई. (नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्यावर १८६८ साली त्या लिपीच्या जागी खुदाबादी लिपी रुळविण्याची कामगिरी सोपविण्यात आली होती. ती लिपी टिकली नाही. कराचीत त्यांच्या नावाची शाळा टिकली.) भारतात आल्यावर देवनागरी की अरबी हा वाद पेटला, आणि सरकारने अखेर दोन्ही लिप्यांना मान्यता दिली. पाठ्यपुस्तके कोणत्या लिपीत छापावयाची हेच अनिश्चित असताना मातृभाषा हा विषय घेऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला निःशंकपणे हो म्हणणे कोणालाच शक्य नव्हते. सिंधी भाषा घटनेच्या आठव्या परिशिष्टात आली ती १९६७ साली. १९४८ सालचा प्रवेशेच्छू तोवर पदवीधर होऊन नोकरीला लागलेला होता.

कल्याणजवळच्या लष्करी बराकींत ज्यांची वसाहत झाली आणि १९४९ साली जिला उल्हासनगर हे नाव मिळाले, तेथील मुलांना आणखी एक अंतर तोडावे लागले. त्या गावात स्वतःचे महाविद्यालय निघेपर्यंत १९६० नंतरचे दशक उजाडले. तोवर मुंबईच्या महाविद्यालयात नाव दाखल झालेला मुलगा पहाटे बराकीतून निघे आणि गाडीने शहर गाठी.