आर्केड कॅबिनेट : आधी खेळ, मग लाकूड

व्हिडिओ गेम पार्लरमध्ये नाणे टाकून उभ्याने खेळायचे जे पेटीवजा यंत्र असते, त्याला आर्केड कॅबिनेट म्हणतात. 'पाँग' (१९७२), 'स्पेस इन्व्हेडर्स' (१९७८) आणि 'पॅक-मॅन' (१९८०) हे खेळ अशा यंत्रांतूनच लोकप्रिय झाले. १९९७ साली इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी 'मेम' ही संगणकप्रणाली प्रसिद्ध केली. ती जुन्या यंत्रांतील सर्किटांचे काम संगणकाकडून हुबेहूब करवून घेते. त्यामुळे असे यंत्र घरी बनवणे हौशी मंडळींच्या आवाक्यात आले.

पहिल्या प्रयत्नात होणारी चूक बहुधा एकच असते : लाकूड आधी कापले जाते. वास्तविक पेटीची रुंदी पडद्यावरून आणि पडद्याची मांडणी खेळावरून ठरते. 'पॅक-मॅन'ला उभा पडदा आणि चारच दिशांना वळणारी जॉयस्टिक लागते. 'स्ट्रीट फायटर २'ला (१९९१) आडवा पडदा, आठ दिशांची जॉयस्टिक आणि प्रत्येक खेळाडूसाठी सहा बटणे हवीत. म्हणून प्रथम खेळ निवडावा, साहित्य आणून मोजावे आणि बटणांची जागा पुठ्ठ्याच्या नमुन्यावर हाताने पारखावी.

पेटीसाठी साधारणपणे १८ मिलिमीटर जाडीचा एमडीएफ किंवा प्लायवूड वापरतात. एमडीएफ पाण्याने फुगतो. तो कापताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसांना अपायकारक असल्याने मास्क आवश्यक आहे. मागील फळी उघडता येईल अशी बसवावी आणि हवा खेळती राहण्यासाठी तिला भोके ठेवावीत.

जॉयस्टिकच्या तळाशी चार लहान स्विच असतात. दांडा ज्या बाजूला झुकतो, तिकडचा स्विच दबतो. प्रत्येक स्विचची एक तार एन्कोडर नावाच्या छोट्या सर्किटला जोडतात, तर दुसरी तार सर्वांसाठी सामाईक असते. हे सर्किट यूएसबीद्वारे संगणकाला जोडले जाते.

दोन बाबतींत मात्र हयगय नको. जुन्या काचेच्या पिक्चर ट्यूबमध्ये वीज बंद केल्यावरही हजारो व्होल्टचा प्राणघातक भार शिल्लक राहू शकतो. त्यामुळे नवख्याने ती उघडू नये, सपाट एलसीडी पडदाच वापरावा. दुसरे म्हणजे, 'मेम' विनामूल्य असली तरी त्यावर चालणाऱ्या बहुतेक खेळांचे स्वामित्वहक्क अबाधित आहेत. परवानगीशिवाय ते उतरवून घेणे कायद्याला धरून नाही.