शिरोडकर टाका
गर्भारपणाचे ३७ आठवडे भरण्यापूर्वी होणाऱ्या बाळंतपणास अकाली प्रसूती म्हणतात. काही स्त्रियांमध्ये गर्भाशयाचे मुख कमकुवत असते. कळा न येताच ते चौथ्या-पाचव्या महिन्यात उघडते आणि गर्भ हातचा जातो. वारंवार असे घडणाऱ्या स्त्रियांसाठी मूळचे गोव्याचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी मुंबईत हे मुख टाक्याने आवळून धरण्याची शस्त्रक्रिया विकसित केली व १९५५ मध्ये ती प्रसिद्ध केली. टाक्यासाठी त्यांनी दोरा नव्हे, तर त्याच स्त्रीच्या मांडीतील चिवट पडद्याची पट्टी वापरली! १९५७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मॅक्डोनाल्ड यांनी अधिक सोपी पद्धत सुचविली.

नियोजित टाका साधारणतः १२ ते १४ आठवड्यांत घालून ३६-३७ आठवड्यांत काढतात. त्याआधीच कळा सुरू झाल्यास तो तातडीने काढावा लागतो, अन्यथा मुख फाटण्याचा धोका असतो. मात्र अकाली प्रसूतीची कारणे अनेक असल्याने हा सरसकट उपाय नव्हे. सोनोग्राफीत मुखाची लांबी २५ मिलिमीटर वा त्याहून कमी भरल्यास अनेकदा योनीमार्गे प्रोजेस्टेरॉन दिले जाते. घरोघरी सांगितली जाणारी सक्तीची विश्रांती मात्र उपयोगी ठरल्याचे सिद्ध झालेले नाही.